साडेतीन ग्रॅमचा पेशंट

१५ फेब्रुवारी २०२१. ह्यूस्टनमध्ये आमची वीज पहाटे दोनच्या सुमारास गेली. सकाळी बाहेर उणे आठ, घरात नऊ. टेक्सासची ग्रिड बाकी देशाशी जेमतेम जोडलेली, त्यामुळे शेजारून वीज आणायची म्हटली तरी फारशी सोय नाही. ‘आमचं आम्ही बघू’ या बाण्याचं बिल त्या आठवड्यात सगळ्यांनीच भरलं.

मी वन्यप्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. रस्त्यावर बर्फाची काच पसरलेली, उड्डाणपूल बंद, म्हणून हेल्पलाइन माझ्या मोबाइलवर वळवली होती, आणि मोबाइल मी अंगणात उभ्या गाडीत बसून चार्ज करत होते. बहुतेक फोन हमिंगबर्डचे. हे पक्षी थंडीत इथे नसतात असा पुष्कळांचा समज आहे. पण पार अलास्कापर्यंत वीण करणारा रूफस हमिंगबर्ड, त्यातले काही, हिवाळा इथे गल्फच्या किनाऱ्याला काढतात. फुलं गोठली, किडे गेले, उरला तो लोकांनी टांगलेला फीडर. साखरपाणी साधारण उणे तीनला गोठायला लागतं, म्हणजे तोही गेला.

उत्तरं पाठ झालेली. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. कडाक्याच्या थंडीत तीन वाट्या चालतील, त्याहून दाट नको. दोन फीडर ठेवा, एक बाहेर, एक आत, अर्ध्या तासाने अदलाबदल. मध नको, बुरशी धरते. गूळ नको, त्यातलं लोह या पक्ष्यांना बाधतं. शुगर-फ्री पुडी तर मुळीच नको. पोट भरेल आणि पक्षी उपाशी मरेल. आणि तो लाल रंग! फीडर लाल असतो तेवढं पुरतं, तरी दुकानं लाल पाकिटं विकतात आणि लोक घेतात.

साडेसातला एका काकूंचा फोन आला, मराठीतून. साताऱ्याहून मुलाकडे आल्या होत्या, नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवरून मिळालेला. “अगं, तूच ना ती पाखरांच्या दवाखान्यातली? इथं एक उलटं लटकलं होतं, मेल्यासारखं. मी सोडवून आत आणलंय. चोच मिटलीय, मध-पाणी सोडतेय ड्रॉपरनं.”

“काकू, थांबा! एक थेंबसुद्धा नको.”

मी ओरडलेच. गार पडलेल्या पक्ष्याला गिळता येत नाही, पाणी थेट फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग अन्न. हा क्रम चुकल्यामुळे मेलेले पक्षी आमच्याकडे दर वर्षी येतात, आणि आणणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं, म्हणून आम्ही खरं कारण सांगत नाही.

तो मेला नव्हता, सुप्तावस्थेत होता. उडताना ज्याचं काळीज मिनिटाला हजाराच्या वर ठोके देतं, त्याचं यात पन्नासच्या आसपास येतं. चाळीस अंशांचं अंग गार पडतं. रात्र निभावायची ही त्याची रीत आहे, आणि त्यात पकड न सोडता उलटं लटकणंही आलं. वजन म्हणाल तर आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढं.

काकूंच्या घरी गॅस चालू होता. बुटांचा खोका, आत मऊ रुमाल, शेजारी टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, वर शाल, थोडी फट ठेवून. शेगडीजवळ नको, दार-खिडक्या पूर्ण बंद करून गॅस तर नकोच. अर्ध्या तासाने फोन: “पिसं थरथरतायत गं.” आणखी दहा मिनिटांनी मला फोनवरच ‘टिक्’ ऐकू आलं. आता साध्या साखरेचं कोमट पाणी. ड्रॉपर पिळायचा नाही, चोचीचं टोक फक्त आत टेकवायचं, जीभ त्याची तो काढेल. पिसांवर थेंब नको, चिकटली की उडणं संपलं. काकूंनी हे सगळं मी आमच्या शिकाऊ पोरांना शिकवते त्याहून चांगलं केलं.

मग पेच आला. आमच्या नियमावलीतलं वाक्य एकच: पक्षी केंद्रात आणा. बिनपरवाना पाळणं १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने गुन्हा, हेही खरं. पण केंद्र २० मैलांवर आणि पूल बंद. वरिष्ठांना विचारलं, त्यांनी तेच वाक्य मला वाचून दाखवलं. रात्रभर खोक्यात ठेवावा तर रानातला पूर्ण वाढलेला पक्षी आपटून पिसं मोडून घेणार. बाहेर सोडावा तर रात्री उणे दहाचा अंदाज.

मी सोडायला सांगितलं. अकरा वाजता. दिवसभर काकू दर वीस मिनिटांनी फीडर बदलत होत्या, आणि तो अंधार पडेपर्यंत पीत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी साडेसहालाच फीडर टांगला. कोणी आलं नाही.

तो लटकलेला असताना हातच लावला नसता तर? जाग येण्यातच पुष्कळ चरबी जळते. ती मी जाळायला लावली आणि मग त्याला त्याहून गार रात्रीत पाठवलं. उलट, हवा तापलीच नसती तर तो तिथेच संपला असता. मी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडून पाहते, बसत नाही.

गुरुवारी तांबूस रूफस फीडरवर आला. पायात कडी नाही, म्हणजे ओळखायला काही नाही. काकूंचं म्हणणं, त्याच तारेवर बसतो म्हणजे तोच. मी “असेल हो” म्हटलं. रजिस्टरमध्ये ‘सोडला, पुढचं माहीत नाही’ असं लिहिलंय.