मंगळावर कालवे कोणी खणले?

२०२० सालच्या ऑक्टोबरअखेरीस, पाऊस पूर्ण ओसरल्यावर, येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी आम्ही चार इंची दुर्बीण लावून मंगळ पाहत होतो. १३ ऑक्टोबरला त्याची प्रतियुती, म्हणजे सूर्य आणि मंगळ यांच्या मधोमध पृथ्वी येण्याची स्थिती, होऊन गेली होती, तरी बिंब अजून चांगले मोठे दिसत होते. मंगळ सुमारे दर सव्वीस महिन्यांनी प्रतियुतीत येतो. पण ज्या प्रतियुतींमध्ये तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो त्या जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान पडतात, आणि त्या दिवसांत बेळगाव-खानापूरचे आकाश ढगांनी भरलेले असते. २००३ आणि २०१८ या दोन्ही संधी आमच्या हातून अशाच गेल्या होत्या.

माझ्याबरोबर शेजारचे निवृत्त कन्नड शिक्षक होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. दोघांनी एकमेकांचा कागद न पाहता मंगळाचे चित्र काढायचे असे ठरले. नंतर पाहिले तर दोन काळसर डागांना जोडणारी एक बारीक सरळ रेषा माझ्या चित्रात होती, मास्तरांच्या चित्रात नव्हती. मी पुन्हा दुर्बिणीशी गेलो. हवा क्षणभर स्थिर झाली की रेषा नाहीशी होई आणि बिंब थरथरू लागले की ती आहेसे वाटे. १८७७ साली मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी शियापारेली यांना काय झाले असेल, हे पुस्तकात अनेकदा वाचूनही मला त्या रात्रीच नीट कळले.

शियापारेली यांनी त्या वर्षी मंगळाचा तपशीलवार नकाशा तयार केला आणि त्यावर दिसलेल्या लांब, अरुंद पट्ट्यांसाठी ‘कानाली’ हा इटालियन शब्द वापरला. या शब्दात नैसर्गिक प्रवाहमार्गही येतो आणि माणसाने खणलेला कालवाही येतो. इंग्रजीत जाताना मात्र यांपैकी दुसरा, खणलेल्या कालव्याचा अर्थच उचलला गेला. सुएझ कालवा १८६९ साली नुकताच खुला झालेला होता, त्यामुळे वाचकांना कालवा म्हटल्याबरोबर तो खणणारे हातही दिसू लागले.

मी हे सांगितले तेव्हा मास्तरांनी लगेच ‘कालुवे’ या कन्नड शब्दाची आठवण करून दिली. आपला कालवा आणि तो कालुवे ही एकाच घरची भावंडे आहेत; पण बेंगळुरूतील तलावांचे जादा पाणी वाहून नेणाऱ्या जुन्या मार्गांनाही राजकालुवे म्हणतात, तर मराठीत कालवा म्हटले की धरण, पाटबंधारे खाते आणि पाळीचे पाणीच डोळ्यांसमोर येते. दर पावसाळ्यात वडगाव-शहापूरच्या भातशेतीत शिरणाऱ्या बळ्ळारी नाल्याला आपण कधी कालवा म्हणत नाही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्याला या फरकाची सवय असते, आणि म्हणूनच त्या भाषांतराकडे केवळ एक चूक म्हणून पाहणे मला जमत नाही.

पुढे अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे स्वतःची वेधशाळा उभारली आणि मंगळावर शेकडो कालवे रेखाटले. कोरड्या पडत चाललेल्या ग्रहावरचे प्रगत रहिवासी ध्रुवांवरील बर्फाचे पाणी विषुववृत्ताकडे आणतात, असे त्यांचे म्हणणे होते. एवढा अरुंद कालवा पृथ्वीवरून दिसेल कसा, या शंकेवर त्यांचे उत्तर असे होते की आपल्याला पाणी दिसत नाही, तर काठाच्या दोन्ही बाजूंची वनस्पतींची पट्टी दिसते. ज्याने हिडकल धरणाच्या कालव्याकाठी उन्हाळ्यातला हिरवा ऊस आणि त्यापलीकडची करपलेली माळराने पाहिली आहेत, त्याला या कल्पनेतील तर्क पटल्यावाचून राहत नाही. लॉवेल यांची विचारसरणी सुसंगत होती. तिचा पाया मात्र डोळ्यांवरच्या अतिविश्वासावर उभा होता. या विचाराची पकड किती घट्ट होती याचे एक उदाहरण मला फार विलक्षण वाटते: १९०० मध्ये फ्रान्समध्ये परग्रहाशी संपर्क साधणाऱ्यासाठी एक लाख फ्रँकचे गुझमान पारितोषिक जाहीर झाले, आणि त्यातून मंगळ वगळण्यात आला, कारण तो फारच सोपा समजला गेला होता.

या सगळ्या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत सुंदर प्रयोग १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रिनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर आणि त्यांचे सहकारी इव्हान्स यांनी शाळकरी मुलांसमोर, एकही कालवा नसलेले आणि केवळ अनियमित ठिपके व छटा असलेले मंगळाचे चित्र ठेवले आणि दिसेल तसे काढायला सांगितले. जवळ बसलेल्यांनी ठिपके टिपले, फार दूरच्यांना बारकावे दिसलेच नाहीत, पण मधल्या अंतरावरच्या मुलांनी सरळ रेषा काढल्या. सुटे ठिपके जेमतेम जाणवण्याच्या सीमेवर असले की डोळा आणि मेंदू मिळून त्यांची रेघ ओढतात. १९०९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ युजेन अँतोनियादी यांनी पॅरिसजवळच्या मदाँ येथील ८३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्या रेषा खरोखरच विस्कटून लहानमोठे डाग झाल्या.

शेवटचा निकाल जुलै १९६५ मध्ये लागला. मरिनर ४ या यानाने जवळून जाताना जेमतेम बावीस छायाचित्रे पाठवली. त्यांत विवरे होती, कालवे नव्हते, आणि तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याचे दिसून आले.

परंतु १९७१ मध्ये मंगळाभोवती कक्षेत गेलेल्या मरिनर ९ ला, धुळीचे वादळ शमल्यावर, फार प्राचीन काळी पाण्याने कोरलेल्या कोरड्या प्रवाहमार्गांची जाळी दिसली. शियापारेलींच्या नकाशातल्या रेषांशी ती जुळत नाहीत, तरी ‘कानाली’चा पहिला, न उचललेला अर्थ त्यांना अगदी चपखल लागू पडतो. अशा मोठ्या दऱ्यांना निरनिराळ्या भाषांतील मंगळाचीच नावे देण्यात आली आणि त्यांतील एका दरीसमूहाचे नाव संस्कृतवरून ‘मंगला’ असे आहे. मी हे सांगितल्यावर मास्तरांनी आपल्या चित्राच्या खाली कन्नड लिपीत ‘मंगळ’ लिहिले, आणि मी माझ्या चित्राखाली देवनागरीत. उच्चारात फरक होता तो फक्त शेवटच्या अकाराचा. आता यापुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे. बिंब लहान असेल, पण आकाश स्वच्छ असण्याची शक्यता मोठी आहे, आणि दोन कोरे कागद मी दुर्बिणीच्या पेटीत ठेवले आहेत.