फिनमधला डायपोल: चोर कोॲक्स नव्हताच

स्वतः बांधत असलेल्या विमानाच्या फिनमध्ये (शेपटीच्या उभ्या पंखात) मी कॉमचा, म्हणजे बोलण्याच्या रेडिओचा, डायपोल बसवतोय: धातूच्या टेपच्या दोन आर्मची अँटेना. मागच्या अपडेटच्या वेळी त्यावर काचकापड चढवायचं बाकी होतं. चढवलं, आणि टेबलावर मिळालेला तो देखणा ग्राफ पार बिघडला.

नुसत्या फोमवर 53 सेंटिमीटरच्या दोन आर्मचा डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या पॉवरचं माप; 1 म्हणजे काहीच परत नाही) सगळ्यात कमी असलेला बिंदू, 131 मेगाहर्ट्‌झला होता. तो मुद्दाम वर ठेवलेला, कारण काच आणि इपॉक्सी चढली की रेझोनन्स घसरतोच. कॉमच्या 118 ते 137 या पट्ट्याच्या मधोमध, 127 ला येऊन बसावा एवढीच अपेक्षा. बसला 122 ला! वर 132 च्या आसपास एक उंचवटा, आणि तिथे एसडब्ल्यूआर साडेतीन. टेप आता लॅमिनेटखाली गाडली गेलेली, म्हणजे उकरून बघायची सोय नाही.

पहिला संशय अर्थातच कोॲक्सवर, म्हणजे अँटेनापासून रेडिओकडे जाणाऱ्या शील्डच्या केबलवर. फीडपॉइंटला (केबल डायपोलला जोडते तिथे) तीन फेराइट रिंगा ओवल्या आहेत, रेडिओ इंजिनिअर जिम वेअर यांनी रूढ केलेली तीच जुनी पद्धत. केबल मुठीत धरून हात वरखाली सरकवला, ग्राफ ढिम्म. शील्डच्या बाहेरून करंट वाहत असता तर डिप लगेच नाचला असता. कोॲक्स निर्दोष.

मग काच. उरलेल्या फोमच्या तुकड्यावर तीच टेप, तेच रेझिन, तेच दोन थर. डिप जेमतेम 4 मेगाहर्ट्‌झने सरकला. मग उरलेले पाच गेले कुठे? फिनवर दोन थर जास्त पडलेत असंही नाही.

उत्तर फिनच्या पुढच्या कडेच्या नळीत होतं. फिनच्या डोक्यावरच्या स्ट्रोबची (लखलखणाऱ्या इशारा-दिव्याची) वायर! ती ओढून काढली, डिप 127 वर आणि उंचवटा गायब. परत घातली, उंचवटा हजर. डायपोलला समांतर, वीतभर अंतरावर, त्याच्या पूर्ण लांबीभर ती धावते. न विचारता तिसरा एलिमेंट होऊन बसली होती. कोॲक्स काटकोनात बाहेर काढण्याबद्दल आपण एवढं बोलतो, लाइटच्या वायरबद्दल कुणीच बोलत नाही.

स्ट्रोब तर हवाच. म्हणून डायपोलच्या मध्यासमोर, आणि तिथून थोडं वर-खाली, वायरच्या जोडीवर 43 मिक्स फेराइटच्या रिंगा घातल्या. जाणारी आणि येणारी, दोन्ही वायर एकाच रिंगेतून न्या. डीसीचा परिणाम एकमेकांत विरतो आणि कोअर सॅच्युरेट होत नाही. डिप आला 125 ला. फिनची वरची कॅप अजून चिकटवलेली नाही, त्यामुळे टेपचं वरचं टोक हाताशी होतं. तिथून बारा मिलिमीटर छाटले. आता एसडब्ल्यूआर 118 ला 2.1, मध्ये 1.3 आणि 137 ला 2. दोनला परत येणारी पॉवर 11 टक्के. यापुढे ब्लेडला हात लावणार नाही!

दोन गोष्टी पुन्हा सांगतो. नॅनोव्हीएनए (हे ग्राफ काढणारं छोटं मोजयंत्र) केबलच्या पलीकडच्या टोकाला ओपन-शॉर्ट-लोड हे तीन तुकडे लावूनच कॅलिब्रेट करा. लांब केबलचा लॉस वाईट अँटेनालाही चांगला दाखवतो. आणि टेपचे जोड डकवून भागवू नका, सोल्डर करा, तेही फोमला चिकटवण्याआधी. पॉलिस्टायरीन सोल्डरिंग आयर्नच्या टोकासमोर टिकत नाही. केबल मात्र आरजी-400 च. महाग आहे, पण इन्सुलेशन सोल्डरिंगच्या उष्णतेला दाद देत नाही. स्वस्त आरजी-58 चं वितळून सेंटर कंडक्टर शील्डला टेकतो.

पुढचा बेत पंखातल्या नॅव्हच्या (दिशा दाखवणाऱ्या रेडिओच्या) आडव्या व्ही डायपोलचा होता. पण विंगटिप लाइटची वायर तिथेही अशीच समांतर जाते, म्हणजे हाच तमाशा 108 ते 118 मध्ये. पंख बंद करण्याआधी रिंगा तिथेही घालणार.

आणि लिहिता लिहिता सुचलं: स्ट्रोब फिनच्या डोक्यावर कशाला? फ्यूजलाजच्या पाठीवर आणि पोटाखाली एकेक लावला तर वायर फिनमध्ये चढवायचीच गरज नाही. वरून आणि खालून दिसतो का, तेवढं बघावं लागेल. तोवर कॅप चिकटवणं थांबवलंय. आधी वायर काढून, ट्रिम केलेल्या टेपचा डिप कुठे जातो ते मोजतो; 128 च्या वर गेला तर बारा मिलिमीटर टेप परत जोडावी लागेल.