सतरा वर्षे सहा महिने

डिसेंबरमधल्या एका रात्री ठाणे स्थानकात, ट्रान्स-हार्बर मार्गाच्या फलाटावर, रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांना एक मुलगा तापाने फणफणलेल्या अवस्थेत आढळला आणि १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवरून निरोप मिळताच मी तेथे पोहोचले. त्याचे नाव वा गाव येथे देत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे आणि ती मला मनापासून पटते. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "ताई, मला अठरा पूर्ण झालेत. मला कुठं नेऊ नका."

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात तो कांद्याच्या गोण्या उतरवीत असे. मुकादमाने वय विचारले तरी अठरा आणि पोलिसांनी हटकले तरी अठरा, हे उत्तर त्याला सोबतच्या मुलांनी पढवले होते. बालगृहात गेलो की कोंडून ठेवतात, ही भीती त्यामागे होती. परंतु ज्या उत्तराने आपण सुटतो असे या मुलांना वाटते, त्याच उत्तराने त्यांचे सर्वाधिक नुकसान होते. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती कायद्याने बालक उरत नाही, आणि अठरानंतर एकवीस वर्षांपर्यंत मिळू शकणारे अनुरक्षण, म्हणजे निवारा, प्रशिक्षण व आर्थिक साहाय्य, हे संस्थेच्या देखभालीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. रस्त्यावरच अठरा वर्षांचा झालेला मुलगा त्यात बसत नाही. मला ही तरतूद अपुरी वाटते, पण त्या रात्री हाताशी होती ती हीच.

रुग्णालयात सलाईन लावल्यावर पहाटे त्याचा ताप उतरला. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा बालकांच्या देखभालीचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, हजर करायचे होते. आईवडील ऊसतोडीला गेलेले, त्यांचा फोन लागत नव्हता. बोलता बोलता त्याने आपल्या जिल्हा परिषद शाळेचे नाव सांगितले आणि मी थेट मुख्याध्यापकांना गाठले. त्यांनी जनरल रजिस्टर शोधून निर्गम उताऱ्यावर सही-शिक्का मारला व त्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. त्यावर जन्मतारीख १ जून होती. मराठवाड्यात शाळेत नाव घालताना किती मुलांचा जन्म १ जूनला लावला गेला आहे, हे तिकडच्या कोणालाही ठाऊक आहे. "मॅडम, गुरुजींनी अंदाजानेच टाकली असणार," असे मुख्याध्यापकांनीही प्रामाणिकपणे सांगितले. तरीही बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना शाळेच्या दाखल्याला पहिले स्थान आहे. तो नसेल तर जन्मनोंदणीचा दाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. त्या नोंदीनुसार तो सतरा वर्षे सहा महिन्यांचा होता.

समितीपुढे त्याने पुन्हा अठराच सांगितले. अध्यक्षबाईंनी उतारा बाजूला ठेवला आणि अनुरक्षण म्हणजे काय, ते त्याला घाई न करता समजावून सांगितले: मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेखाली पात्र ठरल्यास महिन्याला ४,००० रुपयांचे साहाय्य, राहण्याची सोय, एखादे काम शिकण्याची संधी. हे सर्व ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला, "पैसे माझ्या बापाच्या हातात देणार का?" आम्ही रात्रभर तो घरून का निघाला हे जाणून घेण्याचा प्रयत्न करीत होतो, त्याचे पुष्कळसे उत्तर या प्रश्नात होते. पैसे त्याच्याच बँक खात्यात जमा होतील असे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग सतराच लिहा."

समितीने सामाजिक तपासणी अहवाल मागवून त्याला बालगृहात ठेवण्याचा आदेश दिला. आधार, बँक खाते आणि प्रशिक्षणाची निवड ही कामे १ जूनपूर्वी उरकायची असल्याने त्याचा वैयक्तिक काळजी आराखडा आम्ही त्याच दुपारी लिहायला घेतला. आपली मजुरी मुकादमाकडे अडकली आहे, असे तो तेव्हा प्रथमच बोलला. तिच्या वसुलीचा मुद्दा आराखड्यात सर्वांत वर लिहावा, हा त्याचा आग्रह होता आणि आम्ही तो तसाच लिहिला.