व्हीलचेअरवरून खान्देश: जळगाव, एरंडोल, पद्मालय

ताई पोलिओमुळे लहानपणापासून व्हीलचेअर वापरते. तिला खान्देश पाहायचा होता, म्हणून आम्ही दोघं भावंडं रेल्वेने जळगावला उतरलो. निघणार असाल तर थंडीतच निघा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो आणि चाकाच्या कडीला हात लावता येत नाही. शिवाय भरीत आणि कळण्याची भाकरी खावी ती थंडीतच.

सोबत्याशिवाय प्रवास करता येत नाही अशा अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं सवलत ओळखपत्र आधी काढून ठेवा. एसटीतही ७५ टक्के सवलत मिळते, पण बसच्या पायऱ्या ताईला जमत नाहीत, म्हणून जळगावहून गाडी ठरवली. डिकीत खुर्ची घडी करून मावते का, हे भाडं ठरवण्याआधी पाहून घ्या.

एरंडोलजवळच्या पद्मालयच्या देवळात एकाच गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती आहेत. ताई तळ्याकाठी बराच वेळ रमली. त्या भागात बाभळीचे काटे फार, तेव्हा हवेचे टायर असतील तर पंक्चरचं सामान जवळ हवंच.

वाटेत एका गावच्या देवळाला तीनच पायऱ्या होत्या. आम्ही थांबलेलो दिसताच चार पोरं धावत आली. "ताई, बसेल राहा, आम्ही उचली लेतस!" मायाळू माणसं आहेत ही. पण एकाने खुर्ची हाताच्या दांड्याला धरली, आणि तो दांडा निघणारा असतो. खुर्ची उचलायची ती खालच्या लोखंडी सांगाड्याला धरून, आणि त्याआधी बसलेल्या माणसाला विचारून. ताईला दर्शन झालं, तरी ती गप्प होती. तिला स्वतः वर जायचं होतं.

बाजूला देणगीदाराच्या नावाची पाटी लावलेला रॅम्पही होता. उभा चढ, वर गुळगुळीत फरशी. पावसात धडधाकट माणूससुद्धा घसरेल. पैसा खर्च झाला, मनही चांगलं होतं, फक्त चाकावरच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. हिशेब सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट उतार लागतो. वर खरबरीत कोबा आणि दोन्ही बाजूंना कठडा. जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवा. सभामंडपाला संगमरवर देणाऱ्यांनी आधी एवढं करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. माणसांसाठी द्यायचं असेल, तर जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनचा मनोबल प्रकल्प दिव्यांग विद्यार्थ्यांना निवासी ठेवून स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतो.

मुक्कामाचं मात्र नीट बघा. फोनवर "व्हीलचेअर चालेल का?" विचारलं की सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? संडास कमोडचा आहे का? त्याचं दार किती इंच? ताईची खुर्ची पंचवीस इंच रुंद आहे आणि लॉजमधली बरीच दारं चोवीस इंचांची निघतात. आम्ही दाराला टेप लावून काढलेला फोटो मागवला, तो पाहिला आणि मगच आगाऊ पैसे भरले.