होडीवर राहायला जाण्याआधी वाचायची पुस्तकं

पुण्याला समुद्र नाही, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या शिडाच्या होड्याही किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात. हे चार महिने वाचनाचे. ऑक्टोबरात मुंबईला शीड शिकायला जाल, तेव्हा दोरांची नावं आणि वाटेचे नियम डोक्यात पक्के असले, की पाण्यावरचा वेळ हात बसवण्यासाठी मोकळा राहतो.

शीड हाकणं काही आठवड्यांत जमतं. होडीवर राहणं म्हणजे मात्र बॅटरी, पंप, नांगर, गोडं पाणी आणि गंज यांच्याशी रोजचा संसार. म्हणून एकाच पुस्तकाचे पैसे असतील, तर नायजेल कॅल्डर यांचं ‘बोटओनर्स मेकॅनिकल अँड इलेक्ट्रिकल मॅन्युअल’ घ्या. पहिली आवृत्ती १९९०ची. घ्याल ती मात्र नवी घ्या, कारण बॅटऱ्या आणि चार्जर फार बदलले आहेत. ते वाचताना कागदावर स्वतःच्या होडीचा हिशोब मांडा. लहान फ्रिज चालू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर ओढतो. दिवसातला निम्मा वेळ चालला तर ५० ते ६० अँपिअर-तास गेले. दिवे, पंप, रेडिओ, फोन यांचे आणखी ३० ते ४० धरा. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे एका दिवसासाठीच २०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. घरच्या इन्व्हर्टरवरून अंदाज बांधू नका. पुण्यात तासाभरात लाईट येते आणि बॅटरी पुन्हा भरते. नांगर टाकून उभ्या होडीला सोलर नाहीतर इंजिनच भरणार.

तारांबद्दलची प्रकरणं वगळू नका. साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून काळी पडत जाते, जोडाचा रोध वाढतो आणि जोड तापतो. म्हणून कथिलाचा मुलामा असलेली तार आणि दाबून बसवलेले लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड) वापरायचे. इंजिनाचंही तसंच. समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून इंजिन सुरू केलं, तर पंपातला रबरी इम्पेलर काही मिनिटांत जळतो आणि त्याची तुटलेली पाती पुढे इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतात. नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. सगळे तुकडे शोधून काढावे लागतात.

शिडं आणि एकूण नौकानयनासाठी जॉन रूसमनिएर यांचं ‘अ‍ॅनापोलिस बुक ऑफ सीमनशिप’ सुरेख आहे, आकृत्या तर फारच स्वच्छ. पण ते अमेरिकी आहे, आणि इथे एक धोका आहे. अमेरिकेत समुद्रावरून बंदरात शिरताना लाल बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) उजव्या हाताला ठेवतात. भारतात नेमकं उलट, लाल डाव्या हाताला. अमेरिकी पुस्तकातला नियम पाठ करून मुंबई बंदरात शिरलात तर खाडीच्या उथळ बाजूला जाल. ब्रिटिश लेखक टॉम कनलिफ यांच्या ‘द कम्प्लीट यॉटमास्टर’मधली बोयांची पद्धत आपल्यासारखीच आहे, शिवाय भरती-ओहोटीचा हिशोबही त्यात नीट शिकवला आहे. दोन्हींतलं एकच घ्यायचं तर मी कनलिफ घेईन.

हा भरतीचा हिशोब आपल्याकडे जीवाचा आहे. खडकवासल्याच्या पाण्यात वारा समजेल, भरती नाही. भूमध्य समुद्रातही बहुतेक ठिकाणी पाणी जेमतेम हलतं, त्यामुळे तिथल्या अनुभवावर लिहिलेली पुस्तकं नांगराच्या प्रकरणात भरती दोन ओळींत उरकतात. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरच्या आसपास चढतं. समजा, ओहोटीला ४ मीटर पाण्यात नांगर टाकला. होडीचं नाक पाण्यापासून १ मीटर वर, म्हणजे ५ मीटर. साखळी पाचपट सोडायची म्हणून २५ मीटर सोडलीत आणि झोपलात. सहा तासांनी तीच उंची ९ मीटर झाली, साखळी तिप्पटही उरली नाही. आता ओढ आडवी न लागता वरच्या दिशेनं लागते, नांगराचं टोक चिखलातून उचकटतं आणि होडी वाहत जाते. हिशोब भरतीचा धरायचा: ९ गुणिले ५, म्हणजे ४५ मीटर साखळी. साखळीऐवजी बहुतेक दोरच असेल तर सातपट. एवढी लांबी सोडल्यावर ओहोटीला होडी मोठ्या वर्तुळात फिरेल, तेव्हा शेजारच्या होडीपासूनचं अंतर आधीच बघून ठेवा.

वादळासाठी लिन आणि लॅरी पार्डी यांचं ‘स्टॉर्म टॅक्टिक्स हँडबुक’. त्यांचा भर ‘हीव्ह टू’वर, म्हणजे होडी जवळजवळ थांबवून ठेवण्यावर आहे. पुढच्या शिडाचा दोर न सोडता टॅक करा (होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवा), म्हणजे ते शीड उलटं भरतं. मोठं शीड थोडं सैल करा आणि सुकाणूची दांडी वारा जातो त्या बाजूला बांधा. मग होडी वाऱ्याशी तिरकी राहून हळूहळू सरकते आणि माणसाला चहा करता येतो. वादळ आल्यावर हे शिकता येत नाही. मंद वाऱ्यात दहा-बारा वेळा करून बघा, कारण शिडं किती सैल सोडायची ते प्रत्येक होडीचं वेगळं असतं.

कधी निघायचं यासाठी जिमी कॉर्नेल यांचं ‘वर्ल्ड क्रूझिंग रूट्स’. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे काळ दोन, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. पश्चिमेकडे जायला हिवाळ्यातला ईशान्येचा वारा सोयीचा.

प्रवासवर्णनांत दिलीप दोंदे यांचं ‘द फर्स्ट इंडियन’ वाचाच. १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले, १९ मे २०१०ला परतले. शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात होडी बांधून घेण्याचा भाग मला प्रवासाहून मोलाचा वाटतो.

गाठींसाठी ‘ॲश्ले बुक ऑफ नॉट्स’ हा १९४४चा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध आहे, पण सुरुवातीला नको. बोलाइन, क्लोव्ह हिच, फिगर एट, शीट बेंड, राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस, रोलिंग हिच, इतकं पुरतं. रविवार पेठेतून ८ मिलिमीटरचा दोन मीटर दोर आणा. बोलाइन डोळे मिटून, मग ओल्या हातांनी, आणि मग दुसरं टोक खिडकीच्या गजाला ताणून बांधलेलं असताना बांधून बघा.