आधी हात खिशात

नवजात शिशु विभागात रुजू झालं की पहिल्यांदा हात धुवायला शिकवतात. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ बाहेर, कोपरापर्यंत साबण. थोड्याच दिवसांत बोटांची सालं निघायला लागतात, ते कोणी आधी सांगत नाही. हे धुतलेले हात आवरायचे कसे, हेही कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. ज्युनिअर डॉक्टरचा पिंडच उलटा असतो. मॉनिटर वाजला की काहीतरी करायचं. रात्रभर काहीच केलं नाही, तर सकाळच्या राउंडला सांगायचं काय?

मला हे शिकवलं ते सिस्टर्सनी. एकदा रात्री गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या, सीपॅपवर (नाकावाटे दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) असलेल्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८४ वर आलं आणि अलार्म सुरू झाला. ड्यूटीवरच्या सिनियर सिस्टर शांतपणे उठल्या. ऑक्सिजनच्या नॉबकडे त्यांनी पाहिलंही नाही. "डॉक्टर, आधी बाळ बघा, मशीन कुठे पळून जात नाही." छाती हलतेय, रंग गुलाबी, हार्ट रेट १५०. नाकातला प्रॉंग (हवेच्या नळीचं टोक) मात्र एका बाजूने निसटलेला. तो बसवला, मानेखालची घडी सरळ केली, आणि आकडा आपला आपण ९२ वर गेला. ऑक्सिजन होता तेवढाच राहिला.

ऑक्सिजन वाढवायला हात का आखडायचा, यामागे मोठा इतिहास आहे. १९४० च्या दशकात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना इन्क्युबेटरमध्ये सढळ हाताने ऑक्सिजन दिला जायचा. बाळं जगली, पण हजारोंची दृष्टी गेली. ऑक्सिजनकडे बोट दाखवणाऱ्यांत मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल होत्या, १९५१ साली. मग सगळ्यांनी ऑक्सिजनवर एवढी काटकसर केली की डोळे वाचले, पण श्वासाविना जाणाऱ्या बाळांची संख्या वाढली. म्हणून आज प्रीटर्म (वेळेआधी जन्मलेलं) बाळ ऑक्सिजनवर असेल तर सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५ च्या पट्ट्यात धरून ठेवायचं. नव्याने आलेल्या डॉक्टरला ९९ दिसलं की बरं वाटतं. ऑक्सिजनवरच्या बाळाचं ९९ बघून आमच्या सिस्टरांच्या कपाळाला आठी पडते.

रक्ताचंही तसंच. नवजात बाळाच्या अंगात किलोमागे ८० ते ९० मिली रक्त असतं. म्हणजे ८०० ग्रॅमच्या बाळाचं सगळं मिळून साधारण ७० मिली. त्यातलं एक मिली तपासणीला काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं ७० मिली एका दमात काढण्यासारखं. सकाळी एक सॅम्पल, दुपारी ते गोठलं म्हणून लॅबने परत पाठवलेलं, संध्याकाळी 'एकदा रिपीट करून बघू'. असं आठवडाभर चाललं की हिमोग्लोबिन उतरतं आणि रक्त चढवायची वेळ येते. आम्हीच काढायचं, आम्हीच भरायचं! म्हणून आता सुई हातात घेण्याआधी मी स्वतःला एकच गोष्ट विचारते: या रिपोर्टने माझा पुढचा निर्णय बदलणार आहे का? नसेल बदलणार, तर सुई ट्रेमध्येच बरी. आणि काढायचंच असेल तर सगळ्या तपासण्या एकाच टोचणीत.

आता कोणी म्हणेल, मग तुम्ही नुसतं बघत बसता की काय? तसं नाही. लेबर रूममधला पहिला मिनिट पूर्ण वेगळा असतो. बाळ रडलं नाही, श्वास घेत नाही, तर त्या एका मिनिटाच्या आत बॅग-मास्कने (तोंडा-नाकावर मास्क ठेवून, हाताने बॅग दाबून) श्वास द्यायला सुरुवात व्हायलाच हवी, मिनिटाला ४० ते ६० च्या लयीत. "ब्रीद, टू, थ्री" असं मोठ्याने म्हणायचं, नाहीतर घाईघाईत बॅग दाबली जाते. ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर पुसतही बसायचं नाही. तसंच ओलं प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड-डोकं बाहेर, डोक्याला टोपी. अंगावरचं पाणी वाळताना ऊब घेऊन जातं, ते थांबवायचं असतं.

पण तिथेही धीर लागतोच. निरोगी बाळाचं सॅच्युरेशनसुद्धा पहिल्या मिनिटाला ६०-६५ च असतं, ८५ च्या वर स्थिरावायला दहा मिनिटंही लागू शकतात. निळसर बाळ बघून जीव वरखाली होतो, पण बघायचे असतात हार्ट रेट आणि श्वास. (पहिल्या मिनिटाच्या अपगार स्कोअरवर, म्हणजे रंग, हार्ट रेट, श्वास वगैरे बघून बाळाला दिलेल्या गुणांवर, उपचार ठरतात असा समज आहे. तो आकडा भरेपर्यंत काम केव्हाच सुरू झालेलं असतं. भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये तो मांडला, आणि फॉर्मवर तो न चुकता लिहावाच लागतो, ते ठीक.)

पालकांना हे सगळं समजावणं मात्र अवघड जातं. एक आई काचेतून बघत दोन दिवस उभी होती. शेवटी म्हणाली, "डॉक्टर, हात लावला तर चालेल का?" चालेल, ताई, पण कुरवाळू नका. एक तळवा डोक्यावर, एक पावलांवर, आणि नुसता ठेवायचा. इतक्या लहान बाळाची त्वचा कागदासारखी असते. हलक्या हाताने गोंजारलं तरी कधीकधी ते दचकतं, हार्ट रेट घसरतो. ठेवलेला हात त्याला कळतो आणि सोसतो. तीच आई दुसऱ्या दिवशी सिरिंजमध्ये दोन मिली दूध घेऊन आली, ओशाळलेली, "एवढंच आलं." तिच्या बाळाचं फीड दर दोन तासांनी एक मिली होतं, म्हणजे चार तासांची सोय झाली होती! ते दूध सिस्टरने बाळाच्या पोटात जाणाऱ्या नळीला जोडलेल्या सिरिंजमध्ये ओतलं आणि सिरिंज उंच धरून उभी राहिली. दांडा दाबायचा नाही, दूध आपल्या वजनाने उतरेल तेवढ्याच वेगाने जाऊ द्यायचं.

बाळ स्थिर झालं की आम्ही कांगारू केअर सुरू करतो: फक्त डायपर आणि टोपी घातलेलं बाळ आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर. १९७८ मध्ये बोगोटाच्या डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून ही पद्धत सुरू केली. बाबा मंडळी आधी अवघडतात, "किती वेळ बसायचं?" विचारतात. निदान एक तास, कारण उचलून ठेवण्या-काढण्यातच बाळ दमतं. त्या तासात अगदी अडलं नाही तर ना टोचणी, ना एक्स-रे. फाईलवर मी लाल पेनने तशी नोंद करून ठेवते, राउंडला आलेल्या सरांसाठीसुद्धा.