बाबांचं क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी वाढलं

बाबांची अँजिओग्राफी झाली, ब्लॉक निघाला म्हणून लगेच तिथेच स्टेंटपण टाकला आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आम्ही सगळे हार्टच्याच टेन्शनमध्ये, किडनीचा विचार कुणी केलाच नाही. बाबांना पंधरा वर्षांची शुगर, ॲडमिट होतानाच क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी काम करू लागली की वाढतो) १.५ होतं, तरी दोन-तीन दिवसांनी परत टेस्ट करा असं ना कुणी सांगितलं ना डिस्चार्ज कार्डवर लिहिलं, याचा मला अजून राग येतो.

मावसबहीण डायलिसिस युनिटला कामाला आहे, तिचा फोन आला आणि पहिलंच विचारलं, डाय (अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) किती वापरली? आणि परवा रक्त तपासून घे म्हणाली. घेतलं तर २.३!

तिने समजावलं ते असं की डायमध्ये आयोडीन असतं, ती किडनीतूनच बाहेर पडते आणि जाताना तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, पेशींनापण त्रास होतो. पण क्रिएटिनिन लगेच वाढत नाही, दोन-तीन दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट चांगला दिसतो आणि लघवीपण नेहमीसारखी होत असते, कळणार कसं? ४८ तासांत नुसतं ०.३ वाढलं तरी डॉक्टर ते किडनीला इजा धरतात. बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत खाली येतं, पण आधीच किडनी कमजोर असेल तर सगळ्यांचं येतंच असं नाही.

त्यात बाबा गुडघ्यांसाठी पेनकिलर घेत होते, आणि उपाशीपोटी यायला सांगितलं म्हणून रात्रीपासून पाण्याचा घोटपण नाही. दोन्ही गोष्टी किडनीला वाईट.

ज्यांच्या घरी शुगर किंवा किडनीचा पेशंट आहे त्यांनी आधीच डॉक्टरांना ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) विचारा, मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) कधी बंद आणि कधी चालू ते विचारा, सलाईन लावणार का ते विचारा (हार्ट फेल्युअर असेल तर पाणी आणि सलाईन दोन्ही मोजूनच). डाय साधारण ईजीएफआरच्या तिप्पट एमएलच्या आत ठेवायचा प्रयत्न करतात, म्हणजे ५० असेल तर १५०. किडनी वाचवायच्या गोळीचं म्हणाल तर २०१८ च्या प्रिझर्व्ह ट्रायलमध्ये जवळपास ५ हजार पेशंटवर ॲसिटिलसिस्टीन तपासलं, फायदा दिसला नाही.

पण हे वाचून कुणी ॲटॅक आलेल्या माणसाची अँजिओप्लास्टी लांबवू नका प्लीज, तिथे एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.

बाबांचं दहाव्या दिवशी १.६ आलं. पेनकिलरची स्ट्रिप आईने फेकून दिली, पुढची टेस्ट महिन्याने आहे.